दारव्ह्याची जाई आणि माझी पहिली चोरी

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि त्यात आईची जाई गेली. बाकीच्या कुंड्या कामगारांनी नीट बाजूला ठेवल्या. जाईचं पिंप मात्र हलेना, म्हणून वेल उपटून पाण्याच्या टाकीमागे टाकून दिली. पुण्याच्या उन्हात ती दोन दिवसांत वाळली. आई वर जाऊन बघून आली आणि एवढंच म्हणाली, "जाऊ दे."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. रोज संध्याकाळी परडी घेऊन गच्चीवर जायचं, कळ्या ओल्या फडक्यात ठेवायच्या आणि सकाळी वंदनेच्या वेळी बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं वाहायची, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. आता फुलपुडीतली शेवंती वाहिली जाऊ लागली आणि संध्याकाळी आई टीव्हीपुढे बसू लागली, टीव्ही बंद असला तरी. मी जवळच्या नर्सरीतून नवीन जाई आणली. आईने एक फूल नाकाशी धरलं, हसली आणि परडी परत खुंटीला अडकवली.

तिची जाई दारव्ह्याची होती. आईचं माहेर तिथलं. माहेरचं घर केव्हाच विकलं गेलं, पण शेजारच्या रुखसानाखाला अजून त्याच गल्लीत राहतात आणि मूळ वेल त्यांच्याच अंगणात आहे. खाला आणि आई एका वयाच्या, एकत्र वाढलेल्या. मी ठरवलं, यवतमाळ जिल्हा गाठायचा आणि त्या वेलीची फांदी घेऊन यायचं. आईला चकित करायचं होतं म्हणून तिला सांगितलं, नागपूरला ऑफिसचं ट्रेनिंग आहे. ही थाप पुढे मला चांगलीच महागात पडली.

कोणाला असाच बेत करायचा असेल तर श्रावण उत्तम. हवेत ओल असते, फांद्या लवकर मुळं धरतात आणि प्रवासात रोप कोमेजत नाही. पुण्याहून रात्रीची स्लीपर बस घेतली. समृद्धी महामार्गावर गाडी इतकी सरळ आणि इतकी एकसुरी पळते की झोप छान लागते, मात्र थांबे कमी आहेत, पाणी बेतानंच प्या. सकाळी कारंजाला उतरले. तिथून दारव्ह्याला एसटी मिळते आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकांचंच राज्य होतं. खिडकीबाहेर कपाशी, तूर, सोयाबीन आणि मध्येच गवतात बुडालेले शकुंतला रेल्वेचे बंद रूळ. शेजारच्या बाईंनी माझी रिकामी पिशवी पाहून विचारलं, "काय नेऊन राह्यल्या ताई इकडून?" मी म्हटलं, जाईची फांदी. त्यांनी मान डोलावली, जणू पुण्याहून लोक त्यासाठी रोजच येतात.

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर आलूबोंडा खाल्ला. वरून तर्री घेतली. सांगून ठेवते, पुणेकरांनी तर्री आधी बोटानं चाखावी आणि मग हो म्हणावं. डोळे पुसत मी खालांच्या गल्लीत शिरले.

वेल लांबूनच दिसली. भिंतीवरून चढून टिनाच्या छपरावर गेलेली आणि तिथून कडुनिंबावर. खोड माझ्या मनगटाएवढं. फुलं संध्याकाळी उमलणार होती, पण कळ्यांच्या पाठीवरची, आईच्या वेलीला होती तशीच गुलाबी छटा पाहूनच मी ओळखलं, हीच ती. अंगणात एक शेळी बांधलेली होती आणि भिंतीच्या कडेनं ओल्या मातीत विटांची एक रांग होती. चिखल होऊ नये म्हणून ठेवल्या असतील असं मला वाटलं.

"कमलची पोट्टी?" खालांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अगदी कमलच दिसते वं. बस, बस. कमल कशी हाय? गुडघे दुखते काय तिचे? माह्ये तं लय दुखते."

मग चहा झाला, खिचडा झाला, पुन्हा चहा झाला. मी पुण्याहून नेलेली बाकरवडी त्यांनी डब्यात ठेवली आणि त्याच डब्यातून शेव काढून मला दिली. कूलर दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्यांचा मुलगा येऊन सलाम करून गेला. शेवटी मी विषय काढला.

"खाला, या जाईची एक फांदी द्याल का मला? आईसाठी."

"नाई देत," खाला म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. "अजून चहा टाकू का?"

मला वाटलं गंमत करताहेत. मी गच्चीची सगळी हकिकत सांगितली, वाळलेली वेल, शेवंती, बंद टीव्ही. ऐकता ऐकता खालांनी पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, मग एकच फांदी, अगदी छोटी.

"नाई देत बेटा. तू असं कर, उद्या दुपारी ये. दुपारी मी झोपून राह्यते."

झोपायच्या वेळी कोण कोणाला बोलावतं? हा निरोप देण्याचा सभ्य प्रकार आहे असं मी समजले. बसस्टँडजवळच्या लॉजवर परतले तेव्हा मला खरंच वाईट वाटत होतं. रागही आला होता. माझ्या आईच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला एक फांदी जड व्हावी.

दुसऱ्या दिवशी तणतणत यवतमाळ गाठलं. रिकाम्या हातानं परत जायचं नाही, इतपत माझा हट्ट होता. तिथे गावाबाहेर एका नर्सरीत सुगंधी झाडांचा असा साठा होता की माझा राग दाराशीच राहिला. बटमोगरा, मदनबाण, कामिनी, रातराणी, अनंत, मधुमालती, सगळी रांगांनी. वाचकांसाठी एवढं सांगते, फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका. घरी येईपर्यंत फुलं गळतात आणि रोप रुसून बसतं. खालून दोन-तीन फांद्या फुटलेलं, पानं तकतकीत असलेलं आणि पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावणारं रोप निवडा. मी एक मदनबाण घेतला आणि एक जाईही घेतली. तिच्या कळ्या पाठीमागूनही पांढऱ्याच होत्या. घेताना मलाच कळत होतं की ही ती नव्हे.

जोडमोह्याच्या रस्त्याला जंगल बघायला जायचं मनात होतं, पण दोन रोपं कडेवर घेऊन कुठं हिंडणार. संध्याकाळी दारव्ह्याला परतले, लॉजच्या बाल्कनीत रोपं ठेवली आणि आईला फोन केला. थाप पुढे रेटण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं. दारव्हा, खाला, खिचडा आणि "नाई देत."

पलीकडून एक आवाज आला, मला आधी वाटलं आई रडतेय. आई हसत होती. मेपासून पहिल्यांदा, चांगली खळखळून, खोकला येईपर्यंत.

"तू मांगितली?" ती म्हणाली. "वैशू, जाई मांगतेत काय कोणी? थे चोरा लागते."

खालांच्या अम्मीच्या वेळेपासूनची ही रीत. त्या गल्लीत जाई मागून नेली तर लागत नाही, मालकिणीच्या हातानं दिली तर दोघींच्याही घरची वाळते, असा पक्का समज. म्हणून देणारीनं नाही म्हणायचं आणि झोपायचं. नेणारीनं चोरायची. चोरी झाली की मालकिणीनं उठून मनसोक्त शिव्या द्यायच्या. जितक्या शिव्या तितक्या कळ्या.

"आणि हे चोरणाऱ्याला सांगायचं नाही का?"

"सांगतलं तं देल्लंच झालं ना वं. थे विटा पाह्यल्या काय तू? भिंतीच्या कडेले?"

त्या विटांखाली फांद्या होत्या. दाब कलम करायची ती साधी, जुनी पद्धत. जमिनीलगतची फांदी वाकवायची, पेराच्या खाली सालीला छोटा काप द्यायचा, तेवढा भाग मातीत पुरून वर वीट ठेवायची. टोक बाहेर राहतं, मूळ वेलीचं दूध चालू असतं आणि विटेच्या गारव्यात काप दिलेल्या जागी मुळं फुटतात. दोन महिन्यांत नवीन रोप तयार. खाला दरवर्षी मिरगात विटा मांडतात आणि श्रावणात दुपारी गाढ झोपतात.

तिसऱ्या दिवशी मी दुपारी गेले. अंगण सामसूम. ओट्यावर खुरपं, कात्री आणि ओलं गोणपाट ठेवलेलं, तेही एकाशेजारी एक. दार लोटलेलं आणि आतून घोरण्याचा आवाज. झोपलेलं माणूस इतकं तालात घोरत नाही.

मला हसू आवरेना. आयुष्यात कधी शेजारच्या झाडाची कैरी पाडलेली नाही. मी पहिल्याच विटेला हात घातला तशी आतलं घोरणं थांबलं.

"ए बकरे," खाला मोठ्यानं म्हणाल्या, "त्या विटेपाशी नको जाऊ. थे परवाच दाबली, मुळं नाई फुटले अजून."

शेळीनं मान वर केली. मी पुढच्या विटेकडे सरकले.

"थे बी नोहे वं बकरे. थे मोमिनाच्या सुनेसाठी हाय, थे येईन पुढच्या शुक्रवारी."

मग कोपऱ्यात एक वीट दिसली, जरा वेगळी, जुनी, शेवाळानं हिरवी झालेली. मी तिच्यापाशी बसले. आतून काही आवाज आला नाही.  मग खाला बोलल्या, शेळीशीच, पण आता हळू.

"थे कमलची वीट हाय. दरसाल तिच्या नावानं एक फांदी दाबते. वाट पाह्यते. नाई आली तं सांगून देते कोनाले बी, चोरून न्या म्हणून. पुढच्या मिरगात पुन्हा दाबते."

मी ओट्याकडे पाठ केली आणि तिथेच रडले. आई माहेरी यायची थांबली त्याला किती वर्षं झाली हे मला आठवत नव्हतं. या विटेला आठवत होतं. मग नाक पुसलं, वीट उचलली. खाली पांढऱ्या मुळांचा छान झुपका होता. मूळ वेलीकडची बाजू कात्रीनं कापली, खुरप्यानं मातीचा गोळा न फोडता उचलला, गोणपाटात गुंडाळला. वीट जागेवर ठेवली. फाटकापर्यंत पोचले असेन नसेन, दार धाडकन उघडलं.

"चोट्टी! पकडा वं तिले! पुण्याहून येऊन माही जाई चोरून नेऊन राह्यली!"

खाला गुडघे धरत माझ्यामागे गल्लीत आल्या. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. घराघरांतून बायका बाहेर आल्या आणि मदत करण्याऐवजी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. गल्लीच्या टोकाशी खालांनी मला गाठलं, आणखी दोन शिव्या हासडल्या आणि डबा हातात दिला.

"रस्त्यात खाजो. कमलले सांगजो, म्हातारी झाली तरी शिव्या विसरली नाई मी."

डब्यात भाकरी आणि भरली वांगी होती. ती मी कारंजाच्या स्टँडवर खाल्ली, गोणपाट मांडीवर ठेवून. यवतमाळच्या नर्सरीतली जाई मी लॉजच्या मालकिणीला देऊन टाकली होती. तिनं हात पुढे करून घेतली, तिला रीत माहीत नसावी.

पुण्यात आई दारातच उभी होती. तिनं रोप घेतलं, गोणपाट सोडलं, मुळांवरची दारव्ह्याची काळी माती बोटांनी चुरून पाहिली.

"शिव्या देल्ल्या?"

"गल्लीच्या टोकापर्यंत."

"मंग लागते," आई म्हणाली आणि त्याच रात्री खालांना फोन लावून तिनंही चार शिव्या परत केल्या. तो फोन बराच वेळ चालला. आता दर रविवारी चालतो.

वेल लागली. नवीन पिंप लोखंडी स्टँडवर ठेवलं, म्हणजे वॉटरप्रूफिंगलाही तक्रार नको. या मेमध्ये पहिली फुलं आली, परडी खुंटीवरून उतरली. मिरगात आईनं शेजारच्या कुंडीत एक फांदी वाकवली आणि वर वीट ठेवली. मी विचारलं, कोणासाठी? तिनं विटेवर तांब्याभर पाणी ओतलं.

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी, शुभदाताई, पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमच्या आईंकडे जाईची फांदी मागितली, तर सरळ नाही म्हणाल्या. वर म्हणाल्या, उद्या दुपारी या, दुपारी मी झोपते. गच्चीचा राग अजून आहे वाटतं?"

मी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि चोरी कशी करतात ते आईच्या मागे सांगून टाकलं. तेवढी फितुरी मी केली. खालांसारखं मला शेळीशी बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खोलीत आडवी झाली, डोळे टक्क उघडे, नजर छताकडे. गच्चीवर पावलं वाजली. मग विटेचा आवाज. आई ताडकन उठून बसली आणि पायानं चपला चाचपू लागली.

"वैशू, लिफ्ट बोलाव लवकर," ती म्हणाली. "शिव्या द्याच्या आधी चोट्टी निघून जाईन."