ऑलविनचा समुद्र

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा ऑलविन मला पहिल्यापासून आवडला नाही. हे मी पाठीमागे बोलत नाही, त्याच्या तोंडावर सांगून झालं आहे. त्यावर तो हसतो आणि म्हणतो, "ब्रिजेटबाय, तुम्ही जग पाहिलं नाही."

जग पाहिलं ते त्याने. वसईचा हा मुलगा लग्नाआधी काही वर्षं एका क्रूझ जहाजावर वेटर होता, आणि ते जहाज कॅरिबियन बेटांमधून फिरायचं. आता तो मस्कतच्या एका हॉटेलात पार्ट्यांची व्यवस्था बघतो. पण बोलतो असा, की ती बेटं त्याच्या आजोबांची होती आणि त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिली. मीही मस्कतलाच असते; इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिसाही शुक्रवारची, आणि ती संपली की लोक चर्चच्या आवारात घोळक्याने उभे राहतात. तिथे कुणी समुद्राचं नाव काढायचा अवकाश, ऑलविन सुरू.

"सेंट लुशियाला एक बीच आहे. टुरिस्टांना पत्ताच नाही, फक्त लोकल लोक. नारळाची झाडं, एक म्हातारी मासे तळत बसलेली, बाकी नुसती शांतता. पाणी असं, की गळ्यापर्यंत उतरा, पायाची नखं दिसतात. आणि इथे ओमानला काय? दगड."

ऐकणारे माना डोलवायचे. इलेन, माझी बहीण, बाजूला पर्स धरून उभी. ती मस्कतच्याच अल् खुवैर भागात एका कंपनीत अकाउंट्स बघते. आम्ही दोघी वसईजवळ भुईगावच्या किनाऱ्यावर वाढलो, पण पोहायची ती. चुलते काठावरून ओरडून ओरडून थकायचे तेव्हा ही बाहेर यायची. लग्न करून मस्कतला आली आणि पहिल्याच सहलीत पंजाबी ड्रेसवर पाण्यात शिरली, तर या गृहस्थाने तिला हाक मारून बाहेर काढलं. "अशी कपड्यांनिशी पाण्यात गावठी माणसं जातात. मला लाज आणू नकोस." आणि ती निघाली. त्यानंतर ती पाण्यात गेली नाही. ऑलविनचा मला राग आहेच. त्या दिवशी मुकाट्याने बाहेर आल्याबद्दल थोडा तिचाही आहे.

गेल्या हिवाळ्यात इलेनच्या ऑफिसातल्या खुदेजा नावाच्या ओमानी बाईने तिला मस्कतबाहेर कुरियात गावाच्या पुढचा एक किनारा सांगितला. तिथे तिच्या माहेरची माणसं सुट्टीला जातात, बाहेरचं कुणी नसतं. शनिवारी आम्ही निघालो: ऑलविन, इलेन, त्यांची मुलगी अ‍ॅश्ली आणि मी.

मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेने खाली उतरलो आणि मी गाडीची काच खाली केली. डोंगर थेट पाण्यापर्यंत आलेले, मधे पांढऱ्या वाळूची चिंचोळी पट्टी. ओढून ठेवलेल्या कोळ्यांच्या होड्या, एका बाभळीखाली चटई टाकून बसलेलं ओमानी कुटुंब, दोन शेळ्या. बस्स. वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहत होता.

ऑलविनने घडीची खुर्ची उघडली, पांढरे बूट पायातच ठेवले, आणि म्हणाला, "शॉवर नाही, छत्री नाही. याला बीच म्हणतात?"

अ‍ॅश्लीने तिचा पाण्यावर तरंगायचा गुलाबी रबरी फ्लेमिंगो फुगवून घेतला. चटईवरच्या बायकांनी इलेनला आणि मला काव्ह्याला, त्यांच्या वेलचीच्या कॉफीला, बोलावलं. जाताना इलेन म्हणाली, "ऑलविन, तिच्याकडे बघ हं."

"बघतोय ना."

बघत होता तो फोनकडे. समुद्राकडे पाठ करून स्वतःचा व्हिडिओ काढत होता.

माझ्या हातात खजूर होता तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. किंकाळी ऑलविनची. फ्लेमिंगो वाऱ्याने पार आत गेला होता आणि अ‍ॅश्ली त्याच्या मानेला मिठी मारून बसली होती. ऑलविन घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून "हेल्प! हेल्प!" ओरडत होता. घोट्याच्या वर पाणी चढलं की मागे सरायचा, परत पुढे जायचा. बूट अजून पायात.

इलेन माझ्या बाजूने पळत गेली. ओढणी तिने वाटेतच फेकली. तिने सूर मारला, आणि इतक्या वर्षांनी तिचे हात पाण्यात चालताना मी पाहिले. ती पोचली. फुग्यासकट परतायचं म्हटलं तर वारा दोघींना आणखी आत नेणार, हे तिने ओळखलं असणार. कारण तिने मुलीला पाठीवर घेतलं, फ्लेमिंगो सोडून दिला आणि सरळ काठाकडे न येता बाजूच्या खडकांच्या आडोशाला वळली. तिथे चटईवरचे म्हातारे आजोबा आणि त्यांचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. त्यांनी अ‍ॅश्लीला वर घेतलं.

बायकांनी दोघींना चादरीत गुंडाळलं. अ‍ॅश्ली थरथरत होती, इलेन खोकत होती. ऑलविन पोचला तोवर सगळं आवरलं होतं.

आजोबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम बाप है? तुम उधर क्या करता था?"

"मेरे को... स्विमिंग नहीं आता," ऑलविन म्हणाला.

आजोबांनी तोंड फिरवलं. त्यांच्या जागी मी असते तर थुंकले असते.

परतताना गाडी इलेनने चालवली. मोठा रस्ता लागला. मग अ‍ॅश्लीने विचारलं, "डॅडी, बट सेंट लुशियाला तू नेकपर्यंत गेला होता ना?"

इलेन म्हणाली, "सांग तिला."

"आम्हाला फार वेळ सोडत नव्हते," तो म्हणाला. "बंदरावर उतरलो की सगळे वायफायच्या लायनीत. घरी फोन करायचा असायचा. तो बीच डेकवरून दिसायचा."

"आणि मासे तळणारी म्हातारी?" मी विचारलं.

"कुणीतरी सांगितलं होतं."

दुसऱ्या कुणाची मला कदाचित दया आली असती. घरी फोन करायला रांगेत उभा राहिलेला पोरगा, त्यात वाईट काय? तेवढंच सांगितलं असतं तर मी त्याला जेवायला बोलावलं असतं. पण ज्या पाण्यात स्वतः कधी उतरला नाही त्याच्या जोरावर याने माझ्या बहिणीला खऱ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं.

आणि सुधारला म्हणावं, तर तेही नाही. पुढच्या शुक्रवारी चर्चच्या आवारात गोष्ट सांगत होता: "मी पॅनिक झालो नाही. इलेनला म्हटलं, तू जा, मी इकडून गाइड करतो..."

"ऑलविन," इलेन म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तू किंचाळत होतास. मला कुणी जा म्हटलं नाही. मी गेले."

एकाला हसू आवरेना. ऑलविनला अचानक गाडी नीट लावली की नाही ते बघायचं आठवलं.

आता दर शनिवारी इलेन अ‍ॅश्लीला घेऊन कुरियातच्या पुढे जाते. पंजाबी ड्रेसवरच पाण्यात उतरते आणि पोरीला पोहायला शिकवते. खुदेजाच्या घरच्या दोन मुलीही तिच्याकडे शिकायला लागल्या आहेत. ऑलविन कधी कधी सोबत येतो, एसी लावून गाडीत बसतो. मागच्या खेपेला इलेनने काचेवर टकटक करून विचारलं, "येतोस? तुलाही शिकवते."

तो म्हणाला, "मला दम्याचा त्रास आहे."

त्याला दमा नाही.