लेकीच्या वाढदिवसाचं कार्ड

काल ओटावातल्या एका दुकानात आमचे माजी मंत्रीसाहेब वाढदिवसाच्या कार्डांपुढे उभे दिसले. मी वीस वर्षं त्यांची सेक्रेटरी होते. खाती बदलली, सरकारं बदलली, साहेब टिकले. लेकीच्या वाढदिवसाला मात्र ते कधी घरी नसत. म्हणून कार्ड मीच लिहायचे, खाली 'तुझा बाबा' अशी सहीसुद्धा करायचे. तेवढीच त्यांना मदत, असं वाटायचं.

"यंदा स्वतः लिहा की," मी म्हणाले.

"तिनं सगळी कार्डं जपून ठेवलीत," ते हळूच म्हणाले. "माझं अक्षर तिला ओळखू यायचं नाही."

मदत करता करता मी त्यांची केवढी जागा अडवून बसले होते!

साहेबांनी कार्ड परत ठेवलं आणि सवयीनं, नावं घेऊन, माझ्या मुलांची चौकशी केली.