मुलचेऱ्याच्या मलिद्यातले आंबे

मुलगा दानियल मुलचेऱ्याला शिक्षक आहे. त्याने तिथलीच गोंड मुलगी केली, संगीता. नात झाली तेव्हा फोनवर म्हणाला, "पप्पा, तिच्या नावाचा मलिदा इथेच करू. सगळ्यांसोबत." सगळे म्हणजे कोण, ते सांगितलं नाही. तिथेच मला शंका आली.

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, पाच फळं. प्रेषित एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि सगळ्यांनी एकाच ताटातलं खायचं. तिकडच्या जिनसांवर माझा भरवसा नव्हता. पोहे, नारळ, दारचे पहिले आंबे पिशवीत भरले आणि गाडीत ती पायाखाली दाबून बसलो.

बल्लारपूरला उतरून एसटी धरायची. पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट नाही, पण आधार कार्ड ठेवा. माझं कंडक्टरने दोनदा उलटून पाहिलं. आष्टीला गाडी बदलावी लागली. तिथे आलूबोंडा गरम मिळतो. तेल कोणतं, असं विचारलं तर बाई म्हणाली, "बाबाजी, खायचं हाय का तपासनी करून राह्यले?" पाणी मात्र घरून न्या, एप्रिलचं ऊन सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. ताट फिरलं. व्याही आणि विहीणबाई हात बांधून बसून राहिले.

"इवाईभाऊ, तुम्ही खाऊन घ्या. आमाले नाई जमत."

मला हेच भय होतं. आजोळच्यांनी खाल्लं नाही, तर ही पोर जन्मभर दोन ताटांमध्ये अडकणार. मी बोलून गेलो, "आमच्या ताटाचा विटाळ होतो का?"

संगीता म्हणाली, "तसं नाई, पप्पा. त्याच्यात नवा आंबा हाय. आमचा आंब्याचा पंडुम, म्हणजे सण, अजून झाला नाई. देवाले देल्याबिगर आमच्यात कोणी नवा आंबा तोंडात घालत नाई."

"मग फोनवर सांगायचं!"

"तुम्ही कुठी विचारलं?" विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तं पोहे बी घरून आनले!"

दानियल हसला. मला हसू आलं नाही. नव्या फळावर आम्हीही वेगळी ब्राखा, देवाचे आभार मानणारी प्रार्थना, म्हणतो, आणि त्याच आंब्यावर मी ती नुकती म्हटली होती.

दुसरं ताट लावायचं ठरलं. पोहे विहीणबाईंचे. मी चाळून पाहिले, खडा निघाला नाही. आंब्याच्या जागी परसातली पपई आली. पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना म्हटली, आणि पहिला घास व्याह्यांनी घेतला.

घरी परतल्यावर सिनेगॉगमध्ये सगळ्यांनी विचारलं, "सासरच्यांनी मलिदा खाल्ला का?" खाल्ला, म्हणालो. पुढचं सांगितलं नाही. व्याह्यांनी मला पंडुमाला बोलावलं आहे. त्यांच्यासाठी आमच्या ताटातून आंबा काढला, तेव्हा ते जेवले. दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं आमच्यात खात नाहीत; मग देवापुढे ठेवलेल्या त्यांच्या ताटातून मी काय काढायला सांगू, हे मला अजून सुचत नाही.