एका कोयत्याची निळी खूण

माझ्या भावाच्या आणि वहिनीच्या खात्याला निळी टिक मिळवून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑनलाइन म्हटलं की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात. मी तलवाड्याकडच्या एका शाळेत शिकवते. हल्लीचा शिक्षक फळ्याकडे कमी आणि पोर्टलकडे जास्त बघतो, त्यामुळे 'तिला सगळं येतं' असा घरच्यांचा समज झालाय. मला काही येत नाही. मी चिडचिड करत जिथं तिथं दाबत राहते आणि कधीतरी ते होऊन जातं.

दादा आणि वहिनी ऊसतोडीला जातात. दसरा झाला की चकलांब्याजवळचं आमचं गाव निम्मं रिकामं होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरतं. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता'. दादा तोडतो, वहिनी मोळ्या बांधते आणि दोघं मिळून गाडी भरतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. दादानं खातं काढलं तेव्हा नावाचा फार विचार केला नाही. 'एक कोयता' असं ठेवून दिलं.

व्हिडिओ काढायचं वेड दादाचं. उसाच्या सरीत मोबाइल एखाद्या मोळीला टेकवून ठेवायचा आणि काहीतरी बढाया मारायच्या. वहिनीला त्याचं काही नाही. ती आपली मान खाली घालून मोळी बांधायला उसाच्या वाढ्याचा आळा पिळत असते आणि मध्येच एखादं वाक्य टाकते. लोक बघायचे ते त्या वाक्यासाठी. दादाला हे माहीत होतं, पण कबूल कोण करणार.

एकदा दादा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आज अंग लई दुखायलंय. बसतो जरा."

वहिनीनं वरही बघितलं नाही. म्हणाली, "बसा की. म्या उसाला सांगते, सायेब बसलेत बाबा, तू आपलं आपूनच पड."

एवढंच. पण ते वाक्य कुठल्या कुठं गेलं. आमच्या शाळेतली पोरंसुद्धा म्हणायला लागली. झाडायची पाळी आली की एकजण दुसऱ्याला म्हणायचा, सायेब बसलेत बाबा. मी वरवर रागवायचे आणि मनातून मला फार अभिमान वाटायचा.

मग कुठल्याशा शहरातल्या एका पोरीनं त्या व्हिडिओतला आवाज उचलला. गच्चीवर उभी राहून, नीटनेटकी नटून, हातात एकच ऊस, तोही सोललेला, आणि वहिनीच्या आवाजावर ओठ हलवून तिनं व्हिडिओ टाकला. आवाज कुणाचा याचा पत्ता नाही. त्या पोरीच्या नावापुढे निळी टिक होती. त्यामुळे आवाज तिचाच असं धरून चालले सगळे. दादाच्या व्हिडिओखाली लोक लिहायला लागले की कॉपी करू नका.

दादा चार शिव्या देऊन मोकळा झाला. वहिनीला ते कुठं लागलं हे तिनं मला पुढच्या पोळ्याला सांगितलं. सणाला मी गावी गेले होते. ती पुरणाला चटका देत होती आणि मी पाटावर बसून नुसती बोलत होते, नणंदेचा हक्क म्हणून.

"ताई," ती म्हणाली, "औंदा फडात पाण्याच्या टँकरवर एक बाई भेटली. दुसऱ्या टोळीची. मला म्हणली, तुमी त्या पोरीची नक्कल लई भारी करताव. आवाज तर सेम टू सेम हाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणायचं? ती गुण गायलती माझे. चांगली बाई होती बिचारी." पळी दोनदा पातेल्याच्या काठावर आपटून ती म्हणाली, "म्या माझ्याच आवाजाची नक्कल करते म्हणून सांगू का तिला?"

मला हसू आलं, पण तिला आलेलं नव्हतं, म्हणून मी गिळलं.

मग तिनं खरी गोष्ट काढली. "त्या पोरीच्या नावापुढं ती निळी खूण हाय. तुमी लेकरांच्या वहीवर करता तशी, बरोबरची. ती आमच्या खात्याला लावून द्या. मग म्या बोलले तर लोकं म्हणतील, हां, ही खरी." माझ्याकडे वहिनीनं आजवर काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा मी माझ्या आवडीची द्यायचे, ती नेसायची. मी हो म्हणून बसले.

म्हणून दसऱ्याच्या आधी दोघं गेवराईला माझ्या घरी आले. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी केली होती, जणू खूण त्याच्या गालावर लावायची होती. वहिनीनं सोबत ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि लोणच्याची बरणी आणली. माझ्याकडे काम घेऊन येणारी माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत, हा त्यातला फायदा.

मी ॲप उघडलं. महिन्याला रिचार्जसारखे थोडे पैसे भरायचे, ओळखपत्र दाखवायचं आणि मोबाइलसमोर बसून चेहरा दाखवायचा, असं ते काम होतं. आधी चेहरा. पडद्यावर एक अंड्यासारखी चौकट आली. मी मोबाइल धरला आणि म्हटलं, बसा समोर. दोघं बसले. कानाला कान लावून, एकाच चौकटीत, श्वास रोखून.

ॲपनं सांगितलं, एकच चेहरा दिसू द्या.

"अगं, सरक जरा," दादा म्हणाला.

"तुमीच सरका, तुमचं डोकं मोठं हाय."

मी म्हटलं, दोघं नाही, एकजण. दादा माझ्याकडे बघत राहिला. "एकच कोयता हाय की. दोघं असल्याबिगर कोयता व्हतो का?" मी त्याला समजावलं की ॲपला कोयता कळत नाही, त्याला माणूस लागतो. त्याला ते पटलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही. मी ॲपवर आणि दादावर मिळून चिडले. वहिनी चहा टाकायला आत गेली. घर माझं, पण चहा तिनंच टाकला.

चेहऱ्याचं बाजूला ठेवून मी पुढचं वाचलं, तर दुसरी अडचण. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच पाहिजे. 'एक कोयता' नावाचं आधारकार्ड कुठं मिळतं? नाव बदलणं आलं. मी मुकाट्यानं दादाचं नाव टाइप करायला घेतलं. रेशनकार्ड त्याच्या नावावर, मुकादमाकडची आगाऊ उचल त्याच्या नावावर, गावातलं घर त्याच्या नावावर. बोटं आपोआप तिकडंच गेली. वहिनीनं चहाचे कप ठेवताना बघितलं आणि तीही म्हणाली, "हां, त्यांचंच टाका. बाईमाणसाच्या नावानं कुठं खातं असतंय?"

दादानं बशीत चहा ओतला. प्याला नाही. मला म्हणाला, "थांब बे जरा." मी चाळिशीची शिक्षिका, पण दादाला बे म्हणायला मीच सापडते. "आवाज कुणाचा उचललाय त्या पोरीनं?"

"वहिनीचा."

"मग माझं नाव टाकून काय व्हणार? माझा आवाज कुणी चोरला का? माझ्या आवाजाला कुत्रं इचारत न्हाई."

वहिनी लगेच म्हणाली, "तुमचं नाव काढून एकलीचं? तसलं न्हाई पायजे मला. खूण न्हाई मिळाली तरी चालंल." आणि ती खरंच उठली. पिशवीत बरणीचं फडकं घडी करून ठेवायला लागली, म्हणजे निघायची तयारी. मला कळेना. पोळ्यापासून जी गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती, ती अशी एका वाक्यात सोडून चालली होती. मी म्हटलं, "वैनी, खाली बस." ती बसली नाही.

"कार्डं दे दोन्ही," दादा मला म्हणाला. त्याची आणि तिची, दोन्ही आधारकार्डं त्यानं सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवली. दादा सातवीपर्यंत शिकलाय, वाचताना बोट फिरवतो. आधी आपल्या कार्डावर बोट ठेवलं. "हे बघ. पयलं माझं नाव. मधी बापाचं. मग आडनाव. ही कुठं हाय ह्याच्यात? कुठंच न्हाई." मग बोट वहिनीच्या कार्डावर गेलं. "आता हे बघ. पयलं हिचं. मधी म्या. मग घराचं. दोघंबी हाईत. पुरा कोयता ह्या कार्डावर हाय. हेच टाक."

मी कितीतरी नावं आजवर हजेरीपटावर लिहिली असतील. बायकांच्या नावात नवऱ्याचं नाव मधोमध येतं यावर मी लग्नानंतर वर्षभर कुरकुरही केली होती. पण ते असंही वाचता येतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला त्या क्षणी दादाची इतकी माया आली की मी त्याला म्हटलं, "चहा गार होतोय, पी आधी." आमच्याकडे याहून जास्त बोलत नाहीत.

वहिनी सतरंजीच्या कडेला येऊन टेकली. कार्ड हातात घेऊन तिनं स्वतः वाचलं, ओठांतल्या ओठांत. मग म्हणाली, "टाका मग."

नाव बदललं. 'एक कोयता' खाली बारीक अक्षरांत तसंच राहिलं. आता चेहरा. फडात वहिनी सगळ्या बायकांसारखी साडीवर पुरुषी शर्ट घालते आणि पाचट लागू नये म्हणून तोंडाला फडकं गुंडाळते. सगळ्या व्हिडिओंत तिचे फक्त डोळे दिसतात. माझ्या घरातही डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. ॲप म्हणत होतं, चेहरा पूर्ण दिसू द्या. तिनं पदर मागं घेतला, मग सवयीनं पुन्हा पुढं ओढला. शेवटी दादानं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"डावीकडं बघ. आता उजवीकडं. वर. अगं, माझ्याकडं न्हाई, मोबाइलकडं."

"तुमी मोबाइलच्या मागंच बसलाव, मग कुठं बघू?"

तिच्या गालावर उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे होते, जुने, पांढरे पडलेले. केस कानामागं घट्ट. ती आपल्या लग्नाच्या फोटोत बघते तशी कडक बघत होती. मला ती त्या दिवशी फार सुंदर दिसली आणि मी तसं बोलून गेले.

"मोबाइल चांगला हाय," ती म्हणाली.

दसरा झाला, ट्रॅक्टर आला, टोळी गेली. ॲपनं एकदा नकार पाठवला, कार्डाचा फोटो अंधुक आहे म्हणून. मी पुन्हा काढून पाठवला. मग एका दुपारी शाळेत, पोरं खिचडीच्या रांगेत असताना, माझ्या मोबाइलवर ती खूण दिसली. वहिनीच्या नावापुढे, दादाचं नाव मध्ये घेऊन, निळी. मी शेजारच्या बाईंना दाखवलं, शिपायाला दाखवलं आणि दोन पोरांनाही दाखवलं. त्यांनी खिचडीकडे जास्त लक्ष दिलं.

ती शहरातली पोरगी आहे तिथंच आहे. तिचा व्हिडिओही आहे. खुणेनं तो काही गेला नाही. मी चिडून वहिनीला फोनवर तसं सांगितलं, तर तिलाच त्या पोरीची दया. "राहू द्या, ताई. लेकरू हाय. तिच्याबी घरात कुणीतरी बसलेलं असंल."

त्यानंतर आठवडाभरानं दादाचा फोन आला. मागून कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. दादा सहसा तब्येत, पाऊस, पोरांचा अभ्यास या क्रमानं बोलतो. त्या दिवशी क्रम सोडून तो म्हणाला, "काल टँकरवर एक बाई आलती. सगळ्या बायकांना इचारायली, ती खुणेची बाई कोण हाय तुमच्यात? हिनं सांगितलं, म्या हाय."

"मग?"

"मग ती बाई म्हणली, नाव काय तुमचं? तर हिनं सांगितलं. पूर्ण."

वहिनी दादाचं नाव घेत नाही. तिच्या वयाच्या बायका आमच्याकडे अजूनही घेत नाहीत. हाक मारायची तर अवो, आणि नाव घ्यायचंच झालं तर लग्नाकार्यात, उखाण्यात, तोंडाला पदर लावून.

"पूर्ण म्हणजे मधलंही?" मी विचारलं.

"मधलंबी. सगळ्या बायांच्या म्होरं, मोठ्यानं. म्या पाठीमागं घागर घेऊन हुबा होतो." ट्रॅक्टर बंद झाला आणि त्याचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा झाला. "मुकादम आडनावानं बोलवतो, पोरं बापू म्हणत्यात. माय गेल्यापास्नं माझं नाव कुणी घेतलंच न्हवतं बघ. मला आधी कळंना, कुणाला म्हणायली."

मीही त्याला जन्मापासून दादाच म्हणते.