पूजेत हाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, स्वामींना नाही, देवापुढं बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. सांगायचं म्हणलं की दुसरंच काहीतरी बोलून बसतो. म्हणून लिहितो. चौथी शिकलेला माणूस मी — वेडंवाकडं झालं तर झालं.

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं साधं काम केलं ते तांदूळ निवडायचं. परदेशात, पोराच्या, राजूच्या घरी, मागल्या दाराच्या पायरीवर बसून. तिकडच्या तांदळात खडा निघत नाही. पिशवी फोडायची, धुवायचा, चुलीवर टाकायचा. सूनबाई हसायची, "आई, त्यात काही नसतं हो." पण जन्मभर निवडलेले हात, ते काय ऐकतात? ताटाच्या एका कडेला ती, एका कडेला मी. ऊन उतरलं होतं. आणि मधीच तिचं बोट ताटात थांबलं.

"आवो, आज छातीत लई दाबून आल्यागत होतंय. राजूला सांगू का?"

मी काय म्हणालो? सांगतो. पण आधी बाकीचं सांगू द्या — एकदम सांगायची हिंमत होत नाही.

मी धर्मापुरीचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून किराणा दुकानात बसलो. एकुलता पोरगा राजशेखर, आमचा राजू. परळीत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले त्याच्या आधीच तो पुण्याला शिकून ऑस्ट्रेलियाला गेलता. एक दिवस एसटीडी बूथवर त्याचा फोन आला — आप्पा, दुकान बंद ठेवा, तुम्ही दोघं या, वर्षभर राहा. गेलो. करमलंही. मग सूनबाईला दिवस गेले आणि राजू म्हणाला, व्हिसाची मुदत वाढवून घेऊ, बाळाचं करायला आई लागंल.

आता ही मुदत कशी वाढते ते ऐका. म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याचा बोजा तिथल्या सरकारवर पडू नये म्हणून दवाखान्याची पॉलिसी लागते. पॉलिसी नाही तर मुदत नाही. आणि पॉलिसीवाले पहिलं विचारतात — जुनं दुखणं आहे का? असलं तर त्याचा खर्च देत नाहीत. मोठं असलं तर पॉलिसीच देत नाहीत. राजूनं एका दुपारी मला हे नीट समजावून सांगितलं. मी त्याच्याकडं न बघता ऐकत होतो. कारण दुखणं होतं. मला ठाऊक होतं, राजूला नव्हतं. गावी असतानाच देवळाच्या पायऱ्या चढताना ती दोनदा मधीच बसलती. डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणायची. अंबाजोगाईला नेऊन दाखवू म्हणत होतो — आणि पासपोर्टाच्या गडबडीत राहून गेलं. राहून गेलं का राहू दिलं? ते तुम्हीच समजा.

पॉलिसीचा माणूस घरी आला. भला माणूस होता, चहा घेतला. तो इंग्रजीत विचारायचा, राजू मराठीत सांगायचा. आईला छातीचा काही त्रास? दम लागतो? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हिला? हिचं कधी डोकंसुदिक दुखलं न्हाई."

राजू हसला. "आप्पा, आईला बोलू द्या की."

"हे सांगतात तेच," ती म्हणाली.

इथं थांबलं असतं तर एक खोटं झालं असतं. खोटं कोण बोलत नाही? दुकानदार माणूस मी. पण याच्या पुढं मी जे केलं ते नुसतं खोटं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, नजर त्याच्यावर लावायची आणि बसायचं. माणूस असा बसला की त्याला कुणी हाक मारत नाही, हात लावत नाही. आमच्या घरातल्या रांगत्या लेकरालाही ते शिकवलेलं असतं. एक दिवस ती अशी बसलेली असताना तिला कळ आली. कपाळ घामानं भिजलं, ओठ आवळले. राजू दारात आला, म्हणाला, "आईला काय होतंय?" माझ्या तोंडून निघून गेलं — "काय न्हाई. पूजेत हाय."

आणि तो मागं सरला. परदेशात राहिलेला पोरगा, पण सरला. बघा — इतकं सोपं होतं.

मग मीच तिला शिकवलं. दुखायला लागलं की लिंग हातावर घे अन् बस. कुणी काय इचारणार न्हाई. पॉलिसीचा कागद येऊ दे, एकदा तो आला की दुखणं नवं धरतात, दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात नेतो. ती म्हणाली, "देवाला लबाडीत वढू नका. माझं काय व्हायचं ते होईल."

पण तिनं ऐकलं. जन्मभर ऐकलं, तेव्हाही ऐकलं. सकाळी बसायची, मग दुपारीही बसायला लागली, दिवेलागणीलाही. राजूला कौतुक. मित्रांना फोनवर सांगायचा, आमच्या आईची साधना इथं आल्यापासून वाढली. सूनबाई पाय न वाजवता चालायची, टीव्ही बारीक करायची. एकदा तीच म्हणाली, "आप्पा, आईंचे ओठ निळे का दिसतात?" मी म्हणालो, "थंडी हाय तुमच्या देशात." म्हणालो आणि चहा प्यालो. मला वाटायचं, पोरगी पुन्हा विचारील. विचारू नये म्हणून मी तिच्यापुढं जाईना झालो. दारावर कुणी बेल वाजवली तरी मी आधी खिडकीतून बघायचो — पॉलिसीवाला परत तर नाही आला? त्यानं पाहिलं तर? घरात चार माणसं आणि मी एकटाच प्रत्येकाच्या तोंडाकडं चोरासारखा बघत होतो.

तुम्ही म्हणाल, पोराचा खर्च वाचवायला केलं. मीही बरेच दिवस स्वतःला तेच सांगितलं. ते खरं नाही. राजू तर म्हणाला असता, घर गहाण टाकतो. मग म्हणाल, नातवासाठी केलं. तेही पुरतं खरं नाही.

खरं सांगतो. निघायच्या आधी मी दुकान विकलंतं. राजूनं विकायला सांगितलं नव्हतं. गावानं हार घातले, जेवण दिलं, मी सगळ्यांपुढं सांगितलं — आता आमचा मुक्काम तिकडंच. वीरभद्र हॉटेलवाला म्हणाला, "काय बे आप्पा, तिकडं जाऊन काय इकनार? गोऱ्याला गूळ?" सगळे हसले, मीही हसलो. आणि ते हसणं माझ्या कानात राहिलं. पॉलिसी नाही मिळाली, परत यावं लागलं, तर हाच वीरभद्र बाकड्यावर जागा करून देऊन विचारील — काय आप्पा, हाकलून दिलं का? एवढ्यासाठी. होय, एवढ्यासाठीच. बायकोच्या छातीत कळ येत होती आणि मी वीरभद्राच्या बाकड्याला भीत होतो.

ती गेली. हातात लिंग होतं. राजूला वाटलं — पूजेत गेली. डॉक्टर काय ते बोलला, हृदयाचं बोलला, पण राजूनं एवढंच धरलं. आमच्यात बसवून माती देतात. तिकडं तशी परवानगी मिळाली नाही, आडवी ठेवावी लागली. लिंग मात्र तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. ती मूठ राजूनं मिटवली. माझ्या हातानं होईना. लोकांना वाटलं, दुःखानं. पॉलिसीचा कागद आला का नाही, मी कधी विचारलं नाही. नात झाली, तिचं तोंड पाहिलं आणि परत आलो.

वीरभद्र काय म्हणाला माहीत आहे? काही म्हणाला नाही. उठला, माझ्या पाया पडला.

कारण राजूनं फोनवर गावाला सांगितलंतं. आता मठातले स्वामी दर प्रवचनात तिची गोष्ट सांगतात — परमुलखात, लिंगावर नजर ठेवून लिंगैक्य झाली, असं मरण पुण्यवानाला येतं. बाया माझ्या दारात येतात. शेजारची म्हातारी परवा म्हणाली, "आप्पा, मलाबी असंच मरण यावं बघा." मी मान हलवली. मान हलवताना गळ्यातली डबी छातीला लागली आणि मला दरदरून घाम फुटला.

कशाची भीती वाटते म्हणून विचारता? सगळ्याची. फोन आला म्हणलं की वाटतं, राजूला कळलं. सूनबाईला ते निळे ओठ आठवले. रात्री नाही, मला सकाळी भीती वाटते. अंघोळ करून बसतो, लिंग तळहातावर घेतो. लिंगावर नजर लावावी तर तिथं तिची नजर. स्वामींना सांगावं? मग तिच्या मरणाचं काय राहील? राजूकडं तेवढंच आहे — आई पूजेत गेली. ते काढून घेऊ? का हेही मी स्वतःला वाचवायलाच म्हणतो? मला आता माझ्या मनातलं कुठलं खरं, कुठलं खोटं, समजेना झालंय.

माझ्या घरी टीव्ही नाही. राजूनं घ्यायला पैसे पाठवले होते, मी डोळ्यांचं कारण सांगितलं. शेजारी कुणी मोठ्यानं लावला की मी उठून शेताकडं चालायला लागतो. कावून, ते आता सांगतो. तेवढंच राहिलंय.

त्या संध्याकाळी, तांदळाच्या ताटावर, ती म्हणाली — राजूला सांगू का? मी म्हणालो, "चार दिस दम धर. कागद आल्याबिगर तोंड उघडू नको." तिनं मान खाली घातली. राहिलेला तांदूळ निवडला. ताट घेऊन उठताना तिनं एक हात भिंतीला लावला. मी ताट धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून खोलीत बसली. लिंग तळहातावर. मी खाटेवर होतो. तिच्या मानेवरून घाम वाहत होता, पदर चिकटला होता. आणि तिची नजर लिंगावर नव्हती. माझ्यावर होती. पूजेला बसलेलं माणूस असं बघत नाही. ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला कळलं. "राजूला."

तेवढ्यात राजूच आला. खांद्याला बॅग, हातात गाडीची किल्ली. मी उठून दारात उभा राहिलो — मधी. तो माझ्या खांद्यावरून आत बघायला लागला.

"आप्पा, आई...?"

"पूजेत हाय. जा तू."

त्यानं तिथूनच हात जोडले. डोळे मिटून आईला नमस्कार केला. आणि गेला. गाडी वळणावर दिसेनाशी होईस्तोवर मी खिडकीतून बघत उभा राहिलो. मग खोलीचं दार ओढून घेतलं. बाहेरून. आणि बाहेर बैठकीत जाऊन खुर्चीवर बसलो.

सूनबाई स्वयंपाकघरात होती, भांडी लावत होती. टीव्ही बारीक चालू होता, गोरी माणसं काहीतरी बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं.

आतून हाक आली. "आवो."

सूनबाईचा हात थांबला. ती म्हणाली, "आप्पा, आईंनी हाक मारली का?"

मी म्हणालो, "न्हाई." आणि हात लांब करून टीव्हीचा आवाज वाढवला.