दादाचा न दिसलेला गोल

माझ्या मायने दादाला मैदानावर खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. दादा तिचा थोरला. छप्पन साली ती धम्म घ्यायला गेली तेव्हा तो तिच्या कडेवर होता, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण फुटबॉलच्या मैदानावर आमच्या वस्तीतल्या बायका जात नसत, आणि बिड्या वळण्यातून तिला उसंतही नसे. वडील मी लहान असतानाच गेले होते. दादाला मिलमध्ये नोकरी लागली ती खेळामुळेच. मिलची फुटबॉल टीम होती आणि तो पुढच्या फळीत खेळायचा. चिखलाने माखून घरी आला की माय विचारायची, "जिंकले का गा?" तो हो किंवा नाही म्हणायचा. तेवढ्यावर तिचं भागायचं.

नागपुरात टीव्ही दिसू लागला तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरांच्या ओळीत एकच सेट होता, शेजारी राहणाऱ्या रेल्वेतल्या काकांकडे. पुढे एका हिवाळ्यात मिलची टीम शहरातल्या मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचली आणि बातमी आली की सामना टीव्हीवर दाखवणार. तेव्हाच्या तेव्हा नाही. बाहेरून कॅमेरावाले येणार, चित्रण करून नेणार आणि नंतर एका रविवारी खेळांच्या कार्यक्रमात ते लागणार.

"म्हणजे मले इथं बसून दिसन?" मायने विचारलं.

"दिसन नं माय. माहे बूटमोजे सुद्धा दिसतीन."

दादाने त्या आठवड्यात केस कापून घेतले.

मी मैत्रिणीला सोबत घेऊन सामना पाहायला गेले. एका बाजूला लाकडी मचाण बांधलं होतं, त्यावर कॅमेरा. पहिल्याच हाफमध्ये उजवीकडून चेंडू आला. दादाने तो अडवला नाही, दोन पायांमधून जाऊ दिला, गर्रकन वळला आणि डाव्या पायाने मारला. गोलकीपर जागचा हलला नाही. लोक ओरडत उठले, आणि मी मात्र आधी मचाणाकडे पाहिलं. कॅमेरा दादाच्याच दिशेला वळलेला होता. मला वाटलं, झालं, आता माय पाहील.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमचे दोघे एकदम त्याच्या अंगावर आले. तो खाली पडला आणि गुडघा धरून तसाच राहिला. चौघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. त्याच्या त्या एका गोलावर मिलची टीम जिंकली, पण कप उचलला गेला तेव्हा तो धंतोलीच्या दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, खेळता येणार नाही.

कार्यक्रमाच्या रविवारी टीममधल्या पोरांनी त्याला प्लास्टरसकट खुर्चीवर बसवून काकांच्या घरी नेलं. माय धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसली. आधी हॉकी झाली, मग आमचा सामना आला. पाहुणे खेळाडूंशी हात मिळवताना दिसले, हारतुरे दिसले, दोन्ही टीम इकडून तिकडे पळताना दिसल्या. मग दादा पडताना दिसला. अगदी जवळून, वेदनेने वाकडा झालेला त्याचा चेहरा. मग कप. मग दुसरंच काहीतरी सुरू झालं.

गोल नव्हताच.

"काहून पाडलं गा त्याईनं तुले?" माय एवढंच म्हणाली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

दादा तिला म्हणाला, "थांब माय, मी तुले गोल दाखवतो. स्पर्धावाल्याईकडे असन तो." प्लास्टर निघाल्यावर तो काठी टेकत रामदासपेठेत स्पर्धेच्या सेक्रेटरींकडे गेला. मी सोबत होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"ते चित्रण आमच्याकडे नाही रे," ते म्हणाले. "टीव्हीचे लोक येतायत याचाच आम्हाला एवढा आनंद होता, की चित्रणाचे सगळे हक्क आम्ही त्यांना देऊन टाकले."

"पण साहेब, गोल मी मारला."

"तूच मारलास. तो दाखवायचा की नाही, हे ते ठरवणार."

तरी त्यांनी विचारतो म्हटलं, आणि खरंच विचारलं. उन्हाळा लागल्यावर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, टेपा कमी असतात, त्या टेपवर आता दुसरा कार्यक्रम घेतलाय.

"म्हणजे आमचा सामना?" दादाने विचारलं.

"पुसला गेला."

आम्ही घरी परतलो. मायने विचारल्यावर तो पाय लांब करून जमिनीवर बसला. तांब्या गोलकीपर, वाट्या बाकीचे खेळाडू, आणि बिड्या बांधायच्या सुताची गुंडी चेंडू. गुडघा अजून वाकत नव्हता म्हणून त्याने ती हाताने ढकलली. माय नीट लक्ष देऊन पाहत होती. गुंडी तांब्याच्या बाजूने गेली तेव्हा ती म्हणाली, "बरं मारला." मग गुंडी त्याच्या हातात देत, "पण डोये मिटले का मले तुहं ते पडनंच दिसते गा."

मिलने दादाला खात्यात साधा कामगार म्हणून हजेरीवर ठेवलं, पण मिलच आजारी पडत चालली होती. पुढे त्याने शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम धरलं, ट्रकमधला माल उतरवून घ्यायचं. फुटबॉलचा वर्ल्डकप टीव्हीवर आला तोवर आमच्या ओळीत बरेच सेट झाले होते. आपल्या सरकारने दाखवायचे हक्क मिळवलेत, असं काका कौतुकाने सांगत. परदेशातले गोल सकाळी परत दाखवायचे, हळू करून, मागून, पुढून. दादा तेवढ्यात सायकल काढून वाडीला निघायचा. एकदा मी त्याला पाहायला बोलावलं.

"त्याईचं त्याईनं जपून ठेवलं," तो म्हणाला. "मी कायले पाहू?"

त्या पावसाळ्यात माय गेली.

तिला माती देऊन परतल्यावर दादा ओट्यावर बसून होता. त्याने मला विचारलं, "चेंडू खांबाले लागून आत गेला होता, का सरळ?"

मला सरळ गेल्याचं आठवत होतं. पण त्याने विचारल्यावर मलाही खात्री वाटेना. मी म्हटलं, "सरळ गेला दादा."

"मले खांबाचा आवाज आल्यासारखा वाटते," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.