मोटारीनं हवा धरली

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं, आणि मग अंगावर काटा येतो. मी तेव्हा तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो, वर्ष दुष्काळाचं होतं. ऊस वाळला, सहकारी कारखान्याचं गाळप बंद पडलं आणि संचालक मंडळी रिकामी झाली. रिकामा संचालक पोलीस ठाण्याला फार जड जातो.

असेच एक संचालक भरदुपारी जीपभर माणसं घेऊन ठाण्यात आले. धाकट्या भावजयीचं ऑपरेशन चालू असताना त्यांनी दाराच्या काचेतून आत डोकावलं होतं. डॉक्टरबाईनं तिला कुशीवर पाडून डोकं खाली, पाय वर केले, हा खुनाचा प्रयत्न आहे, अटक करा, नाहीतर दवाखाना जागेवर ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्टेशन डायरीला नोंद करायला सांगून मी निघालो. जीप मागे होतीच.

भावजय जिवंत होती, शुद्धीवर येत होती. दुर्बिणीतून गर्भपिशवीतली गाठ काढताना रक्तवाहिनीत हवा शिरली, ती हृदयात गेली आणि नाडी बुडाली. म्हणून ऑपरेशन थांबवून डाव्या कुशीवर वळवलं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. संचालक लगेच माझ्याकडे वळले. "बघा सायेब, हवा भरल्याचं कबूल केलं."

मलाही नीट कळलं नव्हतं. बाईंनी शांतपणे विचारलं, "विहिरीनं तळ गाठला की तुमची मोटार काय करते?"

"हवा धरती. नुसती फिरती, पानी फेकत न्हाई."

"हृदयाचं तेच झालं. कुशीवर वळवलं, हवा बाजूला राहिली, रक्ताला वाट मिळाली."

त्या उन्हाळ्यात रोज मोटारीशी झटणारा तो माणूस एक पाऊल पुढं आला. मग गंभीरपणे म्हणाला, "मंग हवा काढाया नट कुठला ढिला केला?" माझा हवालदार तोंड फिरवून खोकला.

भावजय पुरती शुद्धीवर आल्यावर सगळ्यांना बाहेर काढून मी तिचा जबाब घ्यायला बसलो. तिला मूलबाळ नव्हतं. पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल, असा घरच्यांचा धोशा होता. इथं नुसती गाठ काढतात म्हणून ती हट्टानं या दवाखान्यात आली होती. तक्रार काय, असं विचारलं तर तिनं उलट मलाच विचारलं, "सायेब, माजी पिशवी हाय ना?"

आहे म्हटल्यावर तिनं डोळे मिटले आणि रडली. मग म्हणाली, "गाठ ऱ्हायली आसंल तर परत येते. माजी तक्रार भावजींवर हाय. बाईमाणसाच्या ऑपरेशनात डोकवायला त्येंला कुणी सांगितलं?"

मी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि बाहेर येऊन संचालकांना वाचून दाखवला. जीप निमूट परत गेली.

जिच्या जिवावर बेतलं तिला आधी विचारावं, जीपमधून आलेल्यांना नंतर, हे मी तिथं शिकलो. गाठ राहिली होतीच; तिच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी मी त्या काचेच्या दारावर हवालदार उभा केला. बंदोबस्त संचालकांच्या डोळ्यांचा होता.